चार सेकंदांची ओळख

छंदातून माणसाच्या हाती काहीतरी लागावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बागकाम करणाऱ्याला फुले मिळतात, गळ टाकून बसणाऱ्याला संध्याकाळी निदान कालवणापुरती मासळी मिळते, तिकिटे जमवणाऱ्याचा संग्रह वाढत जातो. माझ्या छंदातून मला काय मिळते, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे आप्तेष्ट आणि शेजारी मला विचारीत आले आहेत. प्रश्न गैर नाही. दर नोव्हेंबरच्या अखेरीस मी सलग दोन दिवस आणि दोन रात्री कानांना हेडफोन लावून घराच्या मागच्या खोलीत बसतो, जगाच्या पाठीवरील शेकडो अनोळखी माणसांना एक आकडा सांगतो, त्यांच्याकडून एक आकडा घेतो आणि वहीत टिपून ठेवतो. यात पैसा नाही. मान म्हणावा, तर फार तर एखादे कागदी प्रमाणपत्र. आणि आता तर ज्याच्या त्याच्या खिशात असा फोन आहे, की त्यावर कॅनडातला नातू हसताना दिसतो. मग हा खटाटोप कशासाठी?

या छंदाला 'हौशी रेडिओ' म्हणतात आणि तो जोपासणाऱ्याला जगभर 'हॅम' या नावाने ओळखतात. सरकारी परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो आणि परवान्याबरोबर प्रत्येकाला एक कॉलसाइन मिळते. भारतातील कॉलसाइन 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होते. हवेत ती दोन अक्षरे उमटली, की ऐकणाऱ्याला हाक कुठून आली ते तत्काळ कळते. दूरच्या देशांतील हॅमशी संधान बांधण्याला 'डी एक्स' असे नाव आहे. त्यासाठी जगाची ३४० भागांत वाटणी केलेली आहे. ही यादी राजकीय नकाशाहून थोडी निराळी आहे. आपले अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप तीत भारतापासून वेगळे मोजले जातात, कारण समुद्राने दूर राहिलेल्या बेटांना तेथे स्वतंत्र स्थान आहे. शंभर भागांशी संपर्क झाल्याचा पुरावा दिला, की प्रमाणपत्र मिळते. उरलेल्यांसाठी आयुष्य पडलेलेच असते.

या छंदाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९१२ साली अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकलले. दूरच्या संदेशवहनासाठी लांब लहरीच हव्यात, आखूड लहरी निरुपयोगी, असे त्या काळच्या जाणत्यांचे मत होते. निरुपयोगी वस्तू हौशी लोकांना देऊन टाकावी, तसाच हा प्रकार. परंतु डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे तंबू ठोकून बसलेल्या पॉल गॉडली या अमेरिकन हौशी तज्ज्ञाने अटलांटिकपलीकडच्या आपल्या बांधवांचे संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लेऑन देलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे १०० मीटरच्या लहरींवर महासागर ओलांडून दोन्ही बाजूंनी संभाषण झाले. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधील फ्रँक बेल या मेंढपाळ जमीनदाराशी संपर्क साधला. एक पृथ्वीच्या या टोकाला, दुसरा जवळजवळ त्या टोकाला. आपल्या दृष्टीने विशेष हे, की हाच गॉयडर पुढे १९३६ साली हिंदुस्थानात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. लघुलहरींवरून लागणारी जी केंद्रे ऐकत आमची पिढी वाढली, त्या जाळ्याच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. शाळकरी पोराच्या छंदाने आमच्या घरातला रेडिओ बोलका केला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ज्यांना निरुपयोगी ठरवले, त्या लहरी इतक्या दूर कशा जातात? पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात, सुमारे शंभरपासून चारशे किलोमीटरपर्यंतच्या उंचीवर, सूर्याच्या किरणांनी हवेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युतभारित थरांवरून लघुलहरी वळून पुन्हा जमिनीकडे येतात, जमिनीवरून उसळून पुन्हा वर जातात, आणि अशा उड्या घेत हजारो किलोमीटरचा पल्ला गाठतात. हे थर दिवस-रात्रीप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणे दाट-विरळ होत असतात. म्हणून हॅम हा एका अर्थी शेतकऱ्यासारखाच असतो. यंत्र कितीही चांगले असो, वर आभाळाची मर्जी असावी लागते.

माझा या छंदात प्रवेश झाला तो पोटापाण्याच्या वाटेने. मी मुंबईला तारखात्यात नोकरीला होतो. वसईहून पहाटेची गाडी पकडायची आणि दिवसभर लोकांच्या जन्म-मरणाच्या, नोकरीच्या, लग्नाच्या बातम्या पुढे धाडायच्या. मोर्सची लिपी बोटांत मुरली होती. खात्यातल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एकदा घरी नेऊन मला त्याचा रिसीव्हर ऐकवला. ऑफिसातली तार टेबलावर खटखटत असे. येथे तोच संदेश बासरीच्या एकाच सुरासारखा, लांबून, वर-खाली होत येत होता. ऑफिसातली तार कोठून आली हे कागदावर लिहिलेले असे. ही हाक कोणासाठी आली, हेच ठरलेले नव्हते. 'सी क्यू', म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्याला. डाडिडाडिट डाडाडिडा. त्या रात्री घरी परतताना मी ठरवून टाकले.

परीक्षा झाली, पोलिसांची चौकशी झाली. चौकशीला आलेल्या हवालदारांना आईने चहा दिला आणि जाताना दोन शहाळी दिली. यथावकाश १९८३ मध्ये परवाना आला. लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार पालथे घालून ८०७ नावाच्या व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर मी स्वतः जोडला. त्याची शक्ती चाळीस वॅट. घरातला दिवा त्याहून जास्त वीज खाई. वाडीतल्या दोन नारळांच्या मध्ये दहा मीटर लांबीची तांब्याची तार ताणली आणि तिच्या मधोमध केबल जोडून ती खिडकीतून आत घेतली. आईने बराच वेळ ती तार न्याहाळली आणि म्हणाली, "एवढी चांगली दोरी बांधलीस, तर जरा खाली बांधायची होतीस. कपडे तरी वाळत घातले असते." पुढे १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी यंत्र बंद ठेवीत असे. माझ्या मोर्सचे पट्टे शेजाऱ्यांच्या पडद्यावर उमटावेत आणि सीताहरणाच्या ऐन वेळी चित्र हलावे, हे शेजारधर्माला धरून झाले नसते.

आता स्पर्धेविषयी. हॅम मंडळींच्या अनेक स्पर्धा असतात. त्यांतील सर्वांत मोठी म्हणजे 'सी क्यू वर्ल्ड वाइड'. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ती आवाजावर होते आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोर्सवर. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरुवात आणि सोमवारी पहाटे साडेपाचला समाप्ती. या स्पर्धेसाठी जगाचे चाळीस विभाग पाडले आहेत आणि भारत बाविसाव्या विभागात येतो. भेट झाली, की दोघांनी एकमेकांना संकेताची प्रत आणि आपल्या विभागाचा आकडा सांगायचा. दुसऱ्या खंडातील स्थानकाला तीन गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाला एक, स्वदेशी स्थानकाला शून्य. या गुणांना, प्रत्येक बँडवर किती देश आणि किती विभाग गाठले, त्या बेरजेने गुणायचे. म्हणून तेच तेच सोपे देश गोळा करून भागत नाही, दुर्मिळ देश शोधावे लागतात. गंमत अशी, की संकेताची प्रत सर्वजण डोळे मिटून '५९९' म्हणजे सर्वोत्तम अशीच देतात. "तुमचा संकेत अगदी स्पष्ट येत आहे," असे सांगायचे आणि लगेच, "विभाग कोणता? पुन्हा सांगा," असे विचारायचे! सभ्य माणसांनी परस्परसंमतीने बोललेले इतके निरुपद्रवी असत्य मी अन्यत्र पाहिलेले नाही.

या अठ्ठेचाळीस तासांत पृथ्वी डोळ्यांपुढे फिरते. सकाळी पूर्वेकडून जपानचे संकेत येतात. दुपार कलली, की युरोप खुला होतो आणि रात्री सात मेगाहर्ट्झवर तोच युरोप पुन्हा भेटतो. पहाटे, आपल्याकडे सूर्य उगवण्याच्या आणि तिकडे मावळण्याच्या संधिकाळात, उत्तर ध्रुवावरून थरथरत अमेरिकेचा पश्चिम किनारा येतो. त्या थरथरीवरून ध्रुवप्रदेशातून वाट काढलेला संकेत ओळखता येतो. रविवारी मिस्सेपुरता मी उठतो. तेवढ्यात कोणता देश येऊन गेला असेल, हा विचार मनात येतो, तो मी येथे लिहीत नाही.

स्पर्धेतले खरे कसब बोलण्याचे नाही, ऐकण्याचे आहे. एखादे दुर्मिळ स्थानक हवेवर आले, की त्याच्यावर एकाच वेळी शेकडो लोक हाका मारतात. त्या कल्लोळातून एक कॉलसाइन वेगळी काढायची, तिच्याशी दोन आकड्यांची देवाणघेवाण करायची आणि पुढच्याकडे वळायचे. काठमांडूला शाळा काढणारे येशूसंघीय फादर मार्शल मोरान यांची येथे आठवण होते. '९ एन १ एम एम' ही त्यांची कॉलसाइन जगभरच्या हॅमना तोंडपाठ होती. कित्येक वर्षे नेपाळमधून हवेवर येणारे जवळजवळ ते एकटेच असल्यामुळे त्यांना नेपाळ 'मिळवू' इच्छिणाऱ्यांचा गराडा पडे. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले, त्या वेळी त्यांना प्रत्यक्ष कधीही न पाहिलेली असंख्य माणसे हळहळली. वाचकांना हेही सांगावेसे वाटते, की संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी पोलंडमधील आपल्या मठात १९३८ साली रेडिओ केंद्र सुरू केले होते आणि जगभरचे पुष्कळ हॅम त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात.

ऐकण्याइतकीच महत्त्वाची दुसरी शिस्त आहे, ती गप्प राहण्याची. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम महिला आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात गेल्या होत्या. अंदमान अनेक वर्षे हवेवर नव्हते, त्यामुळे सारे जग त्यांना हाका मारीत होते. २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी धरणी हादरली आणि पाठोपाठ त्सुनामी आली. छंदासाठी उभारलेले ते स्थानक त्या क्षणापासून मदतकार्याचे झाले. बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. मी यंत्रापुढे बसून होतो आणि बटणाला हात लावीत नव्हतो. आदल्या दिवसापर्यंत ज्या जागी कल्लोळ होता, तेथे आता जगभरचे हॅम श्वास रोखून मुके झाले होते. कोणा दुर्बल संकेताला वाट मिळावी म्हणून हजारो माणसांनी एकाच वेळी गप्प बसणे, ही सेवा डोळ्यांना दिसत नाही. मी ती कानांनी ऐकली आहे.

पण मला सांगायचे आहे ते एका साध्या माणसाविषयी. नोव्हेंबर १९८९ मध्ये सूर्य ऐन भरात होता आणि दुपारी अठ्ठावीस मेगाहर्ट्झवर युरोप गर्जत होता. त्या गर्दीत फिनलंडमधील एका स्थानकाने माझी हाक उचलली. त्याने माझी कॉलसाइन पाठवली आणि '५९९, १५' असे सांगितले. मी '५९९, २२' म्हटले. त्याने आभारादाखल दोन अक्षरे पाठवली आणि तो पुढे गेला. सारा व्यवहार चार सेकंदांचा. पुढच्या वर्षी तो पुन्हा भेटला. त्याच्या पुढच्या वर्षीही. २००० नंतर बहुतेकांचे मोर्स संगणक पाठवू लागला आणि सर्वांचे अक्षर छापील झाले. हा मात्र हातानेच पाठवीत राहिला. पाच या आकड्याचा शेवटचा ठिपका तो किंचित रेंगाळून टाकी. कॉलसाइन ऐकण्याआधीच मी त्याला ओळखीत असे. स्पर्धेनंतर आम्ही एकमेकांना भेटीची पोच देणारे कार्ड पाठवीत असू. त्यावर तारीख, वेळ, बँड आणि एखादी ओळ. एका ओळीवरून मला कळले, की तो टपाल वाटण्याचे काम करी. मी तारवाला आणि तो टपालवाला. त्याहून अधिक मला काही ठाऊक नव्हते. काही वर्षी दोन-तीन बँडवर गाठ पडे. तरीही पंचवीस वर्षांतील आमचे सारे संभाषण एकत्र केले, तर ते पाच मिनिटेदेखील भरणार नाही.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तो आला नाही. सूर्य उतरणीला लागला होता, म्हणून मी मनाची समजूत घातली. पुढच्या उन्हाळ्यात एक पाकीट आले. त्याच्या मुलीने लिहिले होते. वडील वारले होते. त्यांच्या टेबलाच्या खणात एकाच पत्त्यावरून आलेली कार्डे वर्षवार लावून ठेवलेली तिला सापडली. त्यावर नारळाच्या झाडांचे चित्र होते. वडिलांना मित्र फार नव्हते, ते बोलतही थोडेच, असे तिने लिहिले होते. आणि शेवटी विचारले होते, "इतकी वर्षे तुम्ही दोघे काय बोलत होता, ते मला सांगाल का?"

हे पत्र मी कितीतरी दिवस टेबलावर ठेवले होते. "पाचशे नव्याण्णव, बावीस" हे उत्तर त्या लेकीला कसे द्यावे? पत्नी म्हणाली, "अहो, जे घडलं तेच लिहा ना. तिला वडिलांविषयी हवंय, तुमच्या स्पर्धेविषयी नाही." मग मी जुन्या वह्या काढल्या आणि त्यांत मला उत्तर सापडले.

१९९६ साली सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते. माझे चाळीस वॅट रात्री सात मेगाहर्ट्झवर कसेबसे युरोपच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत होते. त्याच्यावर बलाढ्य स्थानके तुटून पडली होती. मी हाक मारली आणि त्याने सर्वांना थांबवून फक्त 'व्ही यू?' असे पाठवले. म्हणजे, "भारतातून कोणीतरी आहे. अर्धेच ऐकू आले. बाकीच्यांनी थांबावे." मी पुन्हा हाक मारली. त्याला आणखी एक अक्षर मिळाले. पुन्हा प्रश्नचिन्ह. दरम्यान जोरदार स्थानके मध्ये घुसत होती आणि तो त्यांना बाजूला सारत होता. अखेर माझी कॉलसाइन पूर्ण झाली. स्पर्धेत सेकंदासेकंदाला गुण असतात आणि त्याने माझ्यासाठी दीड मिनिट खर्च केले होते. कोणी म्हणेल, भारत दुर्मिळ, म्हणून त्याचाही लाभ होता. मलाही तसेच वाटले असते. परंतु स्पर्धेनंतर जाहीर झालेल्या निकालात त्याच्या खात्यावर त्या बँडवर इतर भारतीय स्थानकेही असणार, हे त्याने कार्डावर लिहिलेल्या ओळीवरून कळत होते: "या रात्री भारत मला आधीच मिळाला होता. पण तुम्ही हाक मारत होता." माझ्या तीन गुणांसाठी कोणी दीड मिनिट थांबत नाही.

मी तिला लिहिले, की तुझे वडील आणि मी फारसे काही बोललो नाही. पण जगातली सर्वांत गजबजलेली जागा असते, तेथे तुझे वडील एका अशक्त हाकेसाठी थांबले आणि ती पूर्ण होईपर्यंत त्यांनी पुढे पाऊल टाकले नाही. त्यांनी मला दरवर्षी एवढेच सांगितले, की मला तुम्ही ऐकू आलात. आणि मीही त्यांना तेवढेच सांगितले. ती १९९६ ची वहीतली ओळ मी तिला छायाप्रत काढून पाठवली. तिचे उत्तर आले. तिने लिहिले होते, की ते घरातही असेच होते, फक्त आम्हाला ते बोलण्याऐवजी थांबण्यात आहे, हे कळले नव्हते.

त्यानंतर दिवस पुष्कळ बदलले. तारखात्याची तार तर जुलै २०१३ मध्येच बंद झाली होती. २०१७ मध्ये नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी 'एफ टी ८' नावाची पद्धत आणली. तीत कानांना मुळीच ऐकू न येणारा संकेत संगणक खरखरीतून वेचून काढतो. तरुण मंडळी तीवर रमतात आणि त्यांचे देश माझ्याहून भराभर वाढतात. त्यांचे मला कौतुक आहे. आमच्या वाडीभोवती इमारती उठल्या. प्रत्येक घरातले दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर रात्रंदिवस बारीक खरखर हवेत सोडत असतात. पूर्वी ज्या पातळीवर मला न्यूझीलंड ऐकू येई, तेथे आता शेजारचा जिना उजळतो. दोन नारळांपैकी एक वादळात पडला. तारेचे ते टोक आता गच्चीवरच्या लोखंडी नळीला बांधले आहे.

२०२४ मध्ये सूर्य पुन्हा भरात आला आणि अठ्ठावीस मेगाहर्ट्झवर युरोप पूर्वीसारखाच गर्जला. माझी कॉलसाइन आता क्वचित कोणाला हवी असते, कारण भारतातून पुष्कळ तरुण हवेवर येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. कधी कधी स्थान मांडून मीच 'सी क्यू' देतो आणि लोक मला हाका मारतात. मोठ्या आवाजांच्या मागे एखादा पुसट ठिपका हलतो. दोनच अक्षरे कळतात. मी ती दोन अक्षरे आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह पाठवतो, आणि थांबतो. वहीत गुण कमी पडतात.

माझा डावा कान आता उंच सूर पकडत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तक्ता काढून दाखवला आणि यंत्र लावण्याचा सल्ला दिला. ते मी लावतो. हेडफोन घालताना मात्र ते काढून ठेवतो आणि रिसीव्हरचा सूर पूर्वीच्या सातशेवरून साडेचारशेवर आणतो. खालच्या पट्टीत मोर्स अजून स्वच्छ ऐकू येते.